शे इंजिन उजवीकडूनच बघायचं : वेस्ट व्हर्जिनियातलं कॅस

गुरुवार

मामा-मामी ऑगस्टपासून आमच्याकडे व्हर्जिनियात होते. नायगारा झालं, न्यूयॉर्क झालं, वॉशिंग्टनची म्युझियमं झाली. मामा सगळीकडे यायचे, सांगू तिथे फोटोला उभे राहायचे, पण जीव काही रमत नव्हता हे दिसत होतं. एकदा जेवताना मी बोलता बोलता म्हणालो की इथून पाच तासांवर वेस्ट व्हर्जिनियात कॅस नावाच्या गावी लाकूडतोडीची जुनी डोंगरी रेल्वे आहे, 'शे' नावाची कोळशाची इंजिनं अजून चालतात, ऑक्टोबरात फोटो काढायला जायचा विचार आहे. मामांचा पहिला प्रश्न, "ग्रेडियंट किती?" म्हटलं काही ठिकाणी अकरा टक्के. "वन इन नाईन? नऊ फुटांना एक फूट चढ? काय सांगतोस! बोरघाटात वन इन थर्टीसेव्हन आहे तरी कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं, बँकर, लागतात. माथेरानची गाडीसुद्धा वन इन ट्वेंटी. नवाला एक म्हणजे चाक जागच्या जागी फिरणार." म्हटलं चला मग, तुम्हीच बघा.

मामा १९७९ ला दौंडच्या लोको शेडला फायरमन म्हणून लागले, मालगाडीच्या डब्ल्यूजी वाफेच्या इंजिनांवर कोळसा मारला, मग डिझेलवर गेले, शेवटी इलेक्ट्रिक चालवत रिटायर झाले. मामींनी साफ सांगितलं, "मी नाही बाई, इतकी वर्षं ह्यांचे काळे कपडे धुतलेत, आता पैसे देऊन धूर कशाला बघू." त्या घरी थांबल्या आणि आम्हाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, जी पुढे फार कामाला आली कारण तिथे शाकाहारी माणसाचे तसे हालच आहेत.

स्टॉन्टनपर्यंत हायवे. तिथून रूट २५० धरला की एकामागून एक डोंगर चढायचे आणि उतरायचे, नुसती वळणं. मॉन्टेरे नावाचं छोटंसं गाव गेलं की मोबाईलचा सिग्नल हळूहळू मरतो. रेंज नाही म्हणून नव्हे, मुद्दामच ठेवलेली नाही. इथे ग्रीन बँकला रेडिओ दुर्बीण आहे आणि तिला त्रास नको म्हणून १९५८ साली तेरा हजार चौरस मैलांचा 'क्वाएट झोन' केलाय. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवला होता, मामांनी तरी दर दहा मिनिटांनी फोन वर धरून बघितलाच.

संध्याकाळी कॅसला पोचलो. ग्रीनब्रायर नदीच्या काठी एका ओळीत उभी पांढरी लाकडी घरं, सगळी एकसारखी, पुढे लाकडी कुंपण आणि लाकडी फळ्यांचा फुटपाथ. १९०१ साली वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने वसवलेलं गाव, गावाला नावही कंपनीच्या चेअरमनचंच. डोंगरमाथ्यावर रेड स्प्रूसची झाडं होती, त्यांच्या लगद्याचा कागद चांगला होतो, ती तोडून खाली आणायला ही रेल्वे घातली. लगद्याचं लाकूड इथून व्हर्जिनियात कव्हिंग्टनच्या कागद गिरणीला जायचं आणि बाकीचं इथल्याच गिरणीत कापलं जायचं. कामगारांची घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, म्हणजे पगार एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्या हाताने परत घ्यायचा. आता त्यातलीच घरं टूरिस्टना भाड्याने देतात, आम्ही त्यातच राहिलो. थंडी मरणाची होती.

शुक्रवार

आज नेहमीची टूरिस्ट गाडी, बाल्ड नॉबला जाणारी. अकरा मैल वर, साडेचार तासांत जाऊन येऊन. मी तिकिटं आधीच काढली होती, पण मामांना गाडीच्या आधी शेड बघायची होती म्हणून सकाळी आवरून निघालो. सगळीकडे दव गोठलेलं, आणि गावाच्या मागून पांढऱ्या वाफेचे ढग वर येताना दिसले. मामा चालायचे थांबले आणि नाकाने जोरात श्वास घेतला. कोळशाचा वास.

आता शे इंजिनबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नेहमीच्या वाफेच्या इंजिनाला दोन्ही बाजूला आडवे सिलिंडर असतात, त्यातून आडव्या दांड्या मोठ्या चाकांना जातात, बाकीची छोटी चाकं आणि टेंडरची, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, चाकं नुसती ओढली जातात. मिशिगनमधल्या इफ्रेम शे नावाच्या लाकूड व्यापाऱ्याने वेगळाच विचार केला आणि १८८१ ला पेटंट घेतलं. त्याने सिलिंडर उभे केले (आधी दोन, पुढे मोठ्या इंजिनांना तीन) आणि सगळे इंजिनाच्या उजव्या बाजूला टांगले. त्यांच्याखाली क्रँकशाफ्ट, त्याला पुढे-मागे जोडलेला लांब शाफ्ट, त्यात वळणावर वाकणारे युनिव्हर्सल जॉइंट, आणि उजवीकडच्या प्रत्येक चाकाच्या तोंडावर बेव्हल गिअर, म्हणजे तिरप्या दातांचं चक्र. म्हणजे इंजिनाचं असो की टेंडरचं, एकूण एक चाक ताकदीने फिरतं, आणि सगळं वजन पकडीसाठी वापरलं जातं. उजवीकडे एवढं लोखंड लटकलं म्हणून तोल साधायला बॉयलर मधोमध न ठेवता डावीकडे सरकवलाय. समोरून बघितलं तर इंजिन वाकड्या तोंडाचं दिसतं! ओहायोतल्या लायमा कारखान्याने असली पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बनवली.

मामा पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग वाकून गिअरकडे बघितलं. उघडे दात, त्यावर काळ्या ग्रीसचा हातभर थर, खाली स्लीपरवर टपकणारे थेंब. एक ड्रायव्हर लांब नळीची तेलाची झारी घेऊन एकेका जॉइंटला तेल देत होता, प्रत्येक ठिकाणी हाताचा उलटा पंजा लावून गरम आहे का ते बघत. मामा म्हणाले, "हा माणूस खरा आहे." मग डाव्या बाजूला जाऊन आले. "तिकडं काहीच नाही रे. नुसता बॉयलर." मोबाईलवर तिकडचा एक फोटो पण काढला, मी म्हटलं इकडे या हो, फोटो उजवीकडे आहे.

शेडच्या आसपास बरीच मंडळी उभी आहेत. ५ नंबरचं शे १९०५ चं, ते तेव्हापासून ह्याच डोंगरावर आहे. ११ नंबर १९२३ चं, ते आज आमच्या गाडीला होतं. आणि एका बाजूला तो राक्षस, वेस्टर्न मेरीलँडचं ६ नंबर, १६२ टन, १९४५ साली बनलेलं, लायमाने बनवलेलं शेवटचं शे. डिझेल दारात येऊन उभं असताना हे नवंकोरं बनवलं, काही वर्षांत काम संपलं आणि म्युझियममध्ये गेलं. बाल्टिमोरच्या म्युझियमकडून ते कॅसने १९८० च्या सुमारास अदलाबदलीत मिळवलं. हाइस्लर आणि क्लायमॅक्स जातीची पण एकेक इंजिनं आहेत, ती सुद्धा गिअरचीच, पण सिलिंडरची मांडणी वेगळी. त्यांच्या चाहत्यांनी राग मानू नये, पण शेपुढे ती मला फिकी वाटतात.

फायरमन पोरगा पंचवीसेक वर्षांचा असेल. मी त्याला सांगितलं की माझे मामा भारतात स्टीमवर होते. त्याने लगेच हात पुढे केला, मग हातातला मोजा काढून परत पुढे केला, आणि म्हणाला वर या. मामा गुडघेदुखी विसरून चढले. मी खालून बघत होतो. त्यांनी फायरबॉक्सचं दार उघडून आत बघितलं, मग बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे, गेज ग्लासकडे, बोट दाखवून मला म्हणाले, "विचार त्याला, चढावर पाण्याचं काय करता?" प्रश्न बरोबर होता. एवढ्या चढावर बॉयलरमधलं पाणी एका टोकाला जमा होतं. फायरबॉक्सच्या डोक्यावरचं पाणी सरकलं आणि ते पोलाद उघडं पडलं तर बॉयलर फुटू शकतो. पोरगा हसला आणि म्हणाला पहिली गोष्ट तीच शिकवतात, काचेतली लेव्हल कुठल्या चढावर किती दिसायला पाहिजे ते पाठ असतं. मामा खाली उतरले ते एकदम खूश. "पोरगं आगीचा थर पातळ ठेवतंय. आमचा इन्स्पेक्टर असता तर ह्याला शाबासकी दिली असती."

गाडीचे डबे म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांचे जुने वाघिण-प्लॅटफॉर्म, त्यावर छप्पर आणि बाकडी. इंजिन मागे, ढकलत नेतं. कपलिंग तुटलं तर डबे खाली पळून जाऊ नयेत म्हणून. मामा म्हणाले बँकरचंच तत्त्व. शिवाय डब्यांवर ब्रेकमन असतात, ते हाताने चाक फिरवून ब्रेक आवळतात.

गाडी सुटली आणि पहिल्या वळणालाच तो आवाज. शेचा आवाज ऐकल्याशिवाय विश्वास बसत नाही. साध्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार फुसके येतात. इथे तीन सिलिंडर दोन्ही बाजूंनी ढकलणार म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला सहा, आणि गिअरमुळे चाक एकदा फिरेपर्यंत क्रँकचे दोनपेक्षा जास्त फेरे. त्यामुळे डोळे मिटले तर मेल गाडी ताशी शंभरने चाललीय असं वाटतं आणि डोळे उघडले की बाजूने एक काका कुत्रं घेऊन जवळपास आपल्याच वेगाने चाललेत.

लेदरबार्क ओढ्याच्या कडेने वर गेल्यावर पहिला स्विचबॅक. गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतात, आणि उलटी वर निघते, मग आणखी एक आणि पुन्हा सुलटी. मामांनी शेजारच्या अमेरिकन बाईंना उत्साहात सांगायला घेतलं की खंडाळ्याला आमच्याकडे असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ ला नवी लाइन झाली तेव्हा बंद झालं. त्या बाईंना खंडाळा कुठून माहीत असणार, पण त्यांनी मान डोलावली. मधल्या टप्प्यात इंजिन पुढे येतं, आणि नाक उताराकडे झालं की पाणी पुढे पळणार, म्हणून मामा पूर्ण टप्पाभर मागे वळून, मान वाकडी करून फायरमनकडेच बघत होते. डोंगराकडे त्यांनी बघितलं पण नाही.

व्हिटेकर स्टेशनवर जुन्या लाकूडतोड्यांचा कॅम्प परत उभा केलाय, तिथे बरेच लोक उतरतात. वर पाणी भरायला ओट्स रनला थांबतात, झऱ्याचं पाणी थेट टाकीत. खाली मेपल लालभडक, मध्ये बर्च पिवळे, आणि चार हजार फुटांच्या वर गेलं की एकदम काळसर हिरवे स्प्रूस सुरू. हे सगळं परत उगवलेलं जंगल आहे हे लक्षात ठेवायला लागतं. जुन्या फोटोंत हाच डोंगर बोडका आहे, नुसते बुंधे. ज्या इंजिनांचे आम्ही लाडाने फोटो काढतो त्यांनीच तो बोडका केला. बाल्ड नॉब ४८४२ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेपाचशे फूट कमीच, पण वारा असा की ट्रायपॉड हाताने धरून ठेवावा लागला. वरून लांब दरीत ग्रीन बँकची पांढरी दुर्बीण दिसते.

शनिवार

आजचा दिवस खरा फोटोंचा. एका ग्रुपने गाडी भाड्याने घेतली होती, ४ नंबरचं शे (१९२२ चं) आणि सोबत खरे ओंडके लादलेल्या वाघिणी. माणसं पस्तीस-चाळीस, बहुतेक साठीच्या पुढची, गळ्यात दोन-दोन कॅमेरे. नियम कडक. सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं, रेषेच्या पुढे कोणी पाय टाकायचा नाही, गाडी वळणामागे मागे घ्यायची, सिग्नल मिळाला की ती चढत येणार, आपण फोटो काढायचे, मग परत. एकाच वळणावर तीन-चार वेळा.

माझा अनुभव सांगतो, कोणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल. चढावर इंजिन मागे असल्याने समोरून अंगावर येणारं इंजिन हा नेहमीचा फोटो विसरायचा. उरते बाजू, आणि शेला एकच बाजू आहे. त्यामुळे सगळा खेळ हा की उजव्या बाजूवर ऊन कधी कुठे पडतं. बरं, स्विचबॅकवर गाडी वळत नाही, नुसती उलटी जाते, म्हणजे खालच्या आणि वरच्या टप्प्यात यंत्रं साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात. हे आधी नकाशावर बघून ठेवलं की दिवस वाया जात नाही. इंजिन काळं, वाफ पांढरीशुभ्र, कॅमेरा गोंधळतो. मी वाफेसाठी एक्स्पोजर धरतो आणि काळ्यातले डिटेल्स नंतर रॉ फाइलमधून वर काढतो, उलटं केलं तर वाफ जळून जाते ती परत येत नाही. आणि शटर फार फास्ट ठेवू नका. १/२५० ला क्रँक गोठतो आणि एवढा दंगा करणारं इंजिन फोटोत पार्क केल्यासारखं दिसतं. १/३० ला पॅन केलं, म्हणजे कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, तर बॉयलर शार्प आणि खालचा शाफ्ट फिरताना दिसतो. वेग कमी असल्याने पॅन करणं सोपं आहे, राजधानीसारखं नाही.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. प्रत्येक वेळी गाडी यायच्या आधी कोणीतरी ओरडायचं, जरा धूर करा! मग फायरमनने भसाभस कोळसा टाकायचा आणि चिमणीतून काळाकुट्ट लोट. लोकांना तोच फोटो पाहिजे असतो, कॅलेंडरवरचा. मामा अक्षरशः कळवळले. "काळा धूर म्हणजे कोळसा न जळता वर गेला. म्हणजे फायरमन कच्चा. आम्हाला ह्यासाठी मेमो मिळायचा रे, आणि इथं टाळ्या वाजवतायत." मी मामांचं ऐकलं आणि त्यानंतर धुराच्या रनला कॅमेरा खाली गिअरवर लावला. एक फ्रेम अशी मिळाली की बेव्हल गिअरचा एक दात, त्यावर ग्रीसची चकाकी, मागे लाल पान चिकटलेलं, आणि वर पिस्टनची दांडी धूसर. बाकी काही नाही. मामांना ती सगळ्यात आवडली, जरी "अख्खं इंजिन कुठाय" हे त्यांनी विचारलंच.

दुपारी दशमी खाताना मामांनी सांगितलं की दौंडला डबा बॉयलरच्या तोंडाजवळच्या फळीवर ठेवायचे, मनमाडला पोचेपर्यंत कढत. कधी फावडं धुऊन त्यावर अंडी तळायची. हे मी भाषांतर करून शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला त्याचे वडील बेकन तळायचे, तसंच फावड्यावर. मग ते दोघं माझ्याशिवायच बोलायला लागले, एक मराठीत एक इंग्रजीत, मध्ये इंजेक्टर, रेग्युलेटर, व्हॅक्यूम असे शब्द. चाललं होतं व्यवस्थित.

रात्री डेपोजवळ लाइट लावून फोटो सेशन होतं. ते मी थोडक्यात उरकतो कारण फोटो बरे आले एवढंच, थंडीत लेन्सवर सारखं दव जमत होतं आणि बॅटऱ्या पटापट बसत होत्या. बॅटऱ्या पँटच्या खिशात ठेवायच्या, अंगाच्या उबेने टिकतात.

एक सांगायचं राहिलं. ही गिरणी १ जुलै १९६० ला बंद पडली आणि रूळ-इंजिनं भंगारात काढायला सुरुवात पण झाली होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका रेल्वेवेड्याने लोक गोळा केले, राज्याच्या विधानसभेला गळ घातली, राज्याने सगळं विकत घेतलं आणि १९६३ ला टूरिस्ट गाडी सुरू. लाकूड कंपनीला ज्याची किंमत भंगाराएवढी वाटत होती त्यावर आज सगळं गाव जगतंय. गिरणी मात्र वाचली नाही, नंतर आगीत गेली, आता झाडोऱ्यात तिचे गंजके सांगाडे उभे आहेत. तिकडे फोटोला जा, पण पायात बूट चांगले घाला.

रविवार

परत जाताना ग्रीन बँकला थांबलो, कॅसपासून जवळच आहे. दुर्बिणीची थाळी १०० बाय ११० मीटरची. तिच्या जवळ जायला डिझेलची गाडीच लागते कारण पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगने रेडिओ लहरी निघतात. आणि डिजिटल कॅमेरा एका गेटच्या पुढे बंद, फिल्मचा असेल तरच चालतो. माझी तिन्ही लेन्सची बॅग गाडीतच राहिली. मामा म्हणाले वाफेचं इंजिन आणलं तर चालेल का, त्याला स्पार्क प्लग नसतो. गाइडला विचारायची माझी हिंमत झाली नाही, पण मुद्दा बिनतोड आहे.

मॉन्टेरेला सिग्नल आला तसा मामांचा फोन टणाटणा वाजायला लागला. त्यांनी शे चढतानाचा व्हिडिओ दौंड शेडच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत वाद सुरू. एक म्हणाला आवाज दुसरीकडचा लावलाय, आवाज सत्तरचा आणि गाडी सातची कशी. दुसऱ्याने विचारलं गिअरमध्ये खडा गेला तर काय करतात. तिसरा, जो मामांचा ड्रायव्हर होता आणि आता ऐंशीच्या पुढे आहे, त्याने व्हॉइस मेसेज पाठवला की उजवीकडचं समजलं, डावीकडचे सिलिंडर दाखव. मामांनी टाइप केलं, डावीकडे नाहीत. कोणाचा विश्वास बसेना. माझ्या कार्डात सगळे फोटो उजवीकडचे. मग मामांनी शुक्रवारी शेडमध्ये काढलेला तो मोबाईलवरचा फोटो शोधून टाकला, नुसता बॉयलर, काहीच नाही.

ग्रुप जरा वेळ गप्प. मग ड्रायव्हरसाहेबांचं उत्तर आलं, "अर्धंच इंजिन बनवून पैसे पूर्ण घेतले म्हणायचं."